कर्म लागणारं क्रियापद

भटारखान्यात सगळे त्याला होयबा म्हणत. नाव ठेवलं होतं थोरल्या वेटरने, आणि ते असं काही चिकटलं की नवीन आलेल्या माणसांना ते त्याचं आडनाव वाटायचं.

खरं तर तो उठल्यासुटल्या कुणाच्याही होला हो मिळवणारा माणूस नव्हता. किडका कोबी आणला म्हणून भाजीवाल्याला तो दारातून परत पाठवायचा. गॅसच्या जुन्या नळीवरून त्याने खुद्द मालकांशी हुज्जत घातली होती. घरी तर पडद्याच्या रंगावरून बायकोशी अबोला धरण्यापर्यंत त्याची मजल जायची. त्याचा होकार एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि तो माणूस म्हणजे वस्ताद.

वस्ताद त्या हॉटेलचे मुख्य आचारी. हॉटेल जुनं, दुमजली. पुढे उंच खिडक्यांचं जेवणघर आणि मागे, काही पायऱ्या उतरून गेलं की, भटारखाना. भिंतींना पांढऱ्या फरशा, मधोमध लांबलचक शेगडी, वर काळवंडलेलं धुराडं, आणि ताटं बाहेर सरकवायची एक खिडकी. त्या खिडकीतून जे जाईल त्याला वस्तादांचा हात लागलेला असायचाच. माणूस ठेंगणा, रुंद, मान थोडी पुढे काढून चालणारा. बोलणं मोजकं. रागावले तर ते आवाज चढवत नसत, उलट इतका खाली आणत की ऐकणाऱ्याला जवळ जावं लागे, आणि जवळ गेल्यावर पळायला जागा उरत नसे.

होयबा तिथे भांडी घासायला लागला तेव्हा विशीत होता. कांदा चिरताना याची सुरी सरळ पडते हे वस्तादांनी पाहिलं आणि त्याला मोरीवरून उचलून कामाला घेतलं. पुढे एका दुपारी त्यांनी त्याला सूपवर लक्ष ठेवायला सांगितलं. हा मागच्या दारात गप्पा छाटत उभा राहिला आणि सूप बुडाला लागलं. करपट वास थेट जेवणघरात गेला. मालक तणतणत खाली आले, "कुणाचा प्रताप हा?" होयबाच्या तोंडचं पाणी पळालं. वस्तादांनी पातेलं उतरवता उतरवता खालच्या आवाजात सांगितलं, "माझ्या हातून लागलं." मालक परत गेले. वस्तादांनी पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त काळंठिक्कर पातेलं त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "घास."

होयबाच्या लहानपणी घरात दूध उतू गेलं तरी दोष त्याच्या माथी यायचा. वडिलांचं राज्यच तसं होतं. दुसऱ्याचा दोष कुणी आपण होऊन अंगावर घेतो, हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी त्याच्या मनात वस्तादांची जागा ठरली, आणि ती जमिनीवर नव्हती.

मग काय विचारता! वस्ताद टॉवेल डाव्या खांद्यावर टाकत, हाही टाकायला लागला. वस्ताद चहा गार करून पीत, यालाही गरम चहा चालेनासा झाला. वस्ताद मान पुढे काढून चालत म्हणून यानेही मान पुढे काढली. बायकोला वाटलं उसण भरली, तिने शेकायला गरम पाण्याची पिशवी काढली. घरी तिने काहीही रांधलं तरी "वस्ताद असते तर यात..." हे पालुपद ठरलेलं. शेवटी ती एकदा म्हणाली, "अहो, लग्न माझ्याशी लागलंय की वस्तादांशी? काय ते एकदा कळू द्या, म्हणजे मी माझं बघते." तो हसला नाही. वस्तादांवरचा विनोद त्याला विनोद वाटतच नसे.

भटारखान्यात एक शिस्त होती. पदार्थ खिडकीतून बाहेर जाण्याआधी वस्ताद स्वतः चाखत, मग दुसरा चमचा भरून होयबापुढे धरत. "बघ." सुरुवातीच्या वर्षांत तो खरोखर बघायचा. जीभ त्याची उपजतच तल्लख. "मिरी जरा पुढे आलीय," "लोणी जळायच्या बेतात होतं," असं चाचरत सांगायचा, आणि वस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. एकदा तर तो मीठ कमी आहे म्हणाला. वस्तादांनी सगळ्यांसमोर चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा चाखलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." दुसरा कुणी असता तर छाती फुगवून फिरला असता. होयबाला मात्र दिवसभर चैन पडलं नाही. वस्तादांच्या मिठात आपण खोट काढावी, आपली ती पायरी काय!

हळूहळू त्याने बघणं सोडलं. चमचा हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, "वा! तुमच्या हाताला बघायचं काय!" म्हणायचं आणि चमचा भरलेलाच मोरीत टाकायचा. यात काही लबाडी आहे असं त्याला वाटलं नाही. उलट चाखणं हाच त्याला अविश्वास वाटायला लागला होता. थोरला वेटर खिडकीपलीकडून हे बघत असे. नाव ठेवलं ते तेव्हाच.

मग एका थंडीत वस्तादांना ताप आला. बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते. परत आले ते थोडे वाळलेले, पण हात तोच, सुरी तीच. बदल एवढाच झाला की ते जास्त विचारायला लागले. "नीट बघ, मीठ कसं आहे?" "लसूण जळलाय का रे?" "मासे ताजे आहेत ना, तुला काय वाटतं?" पूर्वी नुसतं "बघ" म्हणणारा माणूस आता एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारत होता. होयबाला वाटलं, वस्ताद आपली परीक्षा घेतायत. श्रद्धा पक्की आहे की डळमळीत, ते चाचपतायत. तो आणखी जोरात हो म्हणायला लागला. "वस्ताद, तुमचं मीठ चुकलं तर सूर्य पश्चिमेला उगवेल." वस्ताद क्षणभर त्याच्याकडे बघत राहायचे, ओठावर काही आल्यासारखे. मग वळून पातेल्यावर झाकण ठेवायचे.

ताटं परत यायला लागली. कधी खारट म्हणून, कधी अळणी म्हणून. थोरला वेटर एकदा अर्धं खाल्लेलं ताट घेऊन पायऱ्या उतरून आला. "हे जरा तोंडात घालून बघ."

"वस्तादांच्या कानावर घालायचं नाही हे," होयबाने ताट त्याच्या हातातून ओढून घेतलं. "गाढवाला गुळाची चव काय!"

"अरे, वर्षानुवर्षं येतायत ती माणसं."

"मग इतक्या वर्षांत काही शिकली नाहीत."

ताट त्याने कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. तेही न चाखता.

हॉटेलला पन्नास वर्षं झाली तेव्हा मालकांनी मोठं जेवण ठेवलं. जुनी गिऱ्हाइकं, गावातले वकील, डॉक्टर, मालकांचे व्याही, सगळे आले. सुरुवातीला मश्रूमचं सूप. वस्तादांचं नाव झालं होतं ते त्या सूपवर. सकाळी डेअरीतून आलेले क्रीमचे डबे मागच्या दारात उन्हात पडून राहिले होते, आणि त्या धांदलीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी क्रीम ओतायच्या आधी वस्तादांनी डबा होयबापुढे धरला.

"वास घे. बरं आहे ना?"

होयबा पाव कापत होता. त्याने मान वर केली नाही. "तुम्ही उघडलाय ना डबा? मग बरंच असणार."

क्रीम पडलं. वस्तादांनी सूप ढवळलं, चमचा भरला. "नीट बघ हं. आज नीट बघ."

"सुगंध सुटलाय नुसता," होयबा म्हणाला, आणि चमचा मोरीत गेला.

वर जेवणघरात गलका चालला होता तो एकाएकी ओसरला. कुणीतरी रुमालात थुंकलं, कुणी पाणी मागितलं. मालक पायऱ्या उतरून आले ते लालबुंद होऊन. "आंबलंय! नासकं सूप वाढलंत माझ्या माणसांना! कुणी चाखलं तरी होतं का?"

वस्ताद मालकांकडे बघत नव्हते. ते होयबाकडे बघत होते, आणि रागाने नाही. दमलेला पोहणारा काठाकडे बघतो तसे. "तू चाखलं होतंस ना?"

नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. होयबाच्या तोंडून दुसराच शब्द बाहेर पडला. "हो." आणि तेवढ्यावर न थांबता तो पुढे म्हणाला, "मला ठीक लागलं होतं."

वस्तादांनी सावकाश मान हलवली. मालकांना म्हणाले, "माझ्या हातून झालं." एप्रन सोडून खुंटीला अडकवला, टॉवेलची घडी करून ओट्यावर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

थोरला वेटर परत आलेले भरले वाडगे घेऊन होयबाच्या अंगावरून गेला. "लोक तुला चमचा म्हणायचे तेव्हा मी म्हणायचो, नाही रे, तो भोळा आहे," तो म्हणाला. "पण चमचेसुद्धा तोंडापर्यंत जातात."

मुख्य आचाऱ्याची जागा होयबाला मिळाली. जगाच्या नजरेत त्याचं भलं झालं होतं. बायकोने ओळखीपाळखीच्यांना सांगितलं, सासऱ्यांनी प्रथमच त्याला नाव न घेता "जावईबापू" म्हटलं. खुंटीवरचा वस्तादांचा एप्रन मात्र तसाच लोंबत होता. तो काढायची कुणाची हिंमत नव्हती आणि याचा हात तिकडे वळत नव्हता. आता तो सगळं चाखायचा. उकळतं चाखायचा, कच्चं चाखायचा, जिभेला फोड येईपर्यंत चाखायचा. वस्तादांची गल्ली त्याच्या रोजच्या वाटेवर होती, म्हणून त्याने वाटच बदलली. बायकोने विचारलं, "अहो, वस्तादांना भेटून का येत नाही?" तर म्हणाला, "वेळ कुठे आहे?" ज्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय याचं जेवण होत नसे, त्याचं नाव घरातून नाहीसं झालं होतं, हे तिला दिसत होतं.

मालकांना आता परदेशी पाहुणे हवे होते. मुख्य आचाऱ्याने टेबलापाशी जाऊन दोन शब्द इंग्रजीत बोलावेत, असा त्यांचा हट्ट. म्हणून होयबा संध्याकाळच्या वर्गाला जायला लागला. सायकलच्या दुकानावर एक खोली, फळा, कुठल्याशा शाळेतून मोडीत निघालेले बाक, त्यांत मोठ्या माणसांचे गुडघे अडकत. शिकवायला एक निवृत्त बाई. शिकायला एक टॅक्सीवाला, एक नर्स आणि आणखी दोघंतिघं.

एक दिवस बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "आयडलाइझ. कोण सांगतं अर्थ?"

"मस्का मारणे," टॅक्सीवाला म्हणाला. वर्ग हसला.

"ते फ्लॅटर," बाई म्हणाल्या. "हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. तिथे चढवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण खोटं बोलतोय. समोरचा वर चढला की हा खाली आपलं काम साधून घेतो. आयडलाइझ करणारा खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटत असतं."

"मग कौतुक करणे," नर्स म्हणाली.

"ते ॲडमायर. त्याला आधी बघावं लागतं. काय चांगलं आहे, किती चांगलं आहे, आणि काय नाही तेही. आयडल म्हणजे मूर्ती. आयडलाइझ करणं म्हणजे जित्याजागत्या माणसाला उचलून देव्हाऱ्यात बसवणं. एकदा बसवला की कोण बघतंय? मूर्तीत कुणी खोट काढत नाही. आणि मूर्ती दमली असेल, आजारी असेल, तिला आपली मदत हवी असेल, असंही कुणाच्या मनात येत नाही."

होयबाच्या हातातली पेन्सिल थांबली.

बाई पुढे सांगत होत्या. हे क्रियापद बहुतेकदा भूतकाळात भेटतं. लहानपणी मी काकांना आयडलाइझ करायचो, असं माणूस मोठेपणी म्हणतो. करत असताना ते कळत नाही. "आणि हे सकर्मक आहे. नुसतं वापरून भागत नाही. याला कर्म लागतं."

"कर्म तर आमचं फुटकंच आहे, बाई," टॅक्सीवाला म्हणाला.

"व्याकरणातलं कर्म हो! ज्याच्यावर क्रिया घडते तो. आता एकेक वाक्य करा आणि मग त्याचा कर्मणी प्रयोग करा. म्हणजे कर्माला मागून उचलायचं आणि पुढे आणायचं."

टॅक्सीवाल्याने एका फुटबॉल खेळाडूवर वाक्य केलं, नर्सने मोठ्या बहिणीवर. होयबाने बाईंना स्पेलिंग विचारून विचारून लिहिलं की मी वस्तादांना आयडलाइझ केलं. मग त्याने ते फिरवलं. वस्ताद वाक्याच्या तोंडाशी आले आणि तो स्वतः पार शेवटी, इंग्रजीतल्या 'बाय'च्या मागे गेला. इतकी वर्षं या सगळ्यात तोच पुढे होता. निष्ठा त्याची, भक्ती त्याची, भारावून जाणं त्याचं. हे ज्याच्यावर घडत होतं तो माणूस आज पहिल्यांदा समोर आला होता, आणि तो विचारत होता. मीठ कसं आहे? लसूण जळलाय का? नीट बघ हं, आज नीट बघ. परीक्षा कसली! तो माणूस हात पुढे करत होता.

बाईंनी वाकून त्याचं वाक्य वाचलं. "बरोबर आहे. मोठ्याने वाचा."

"नको, बाई."

"अहो, चूक नाहीये कुठे."

"आहे," होयबा म्हणाला आणि उठून खाली उतरला.

सुटीच्या दिवशी तो वस्तादांच्या घरी गेला. दार काकूंनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोने उघडलं. "ये. वाट चुकलास का?" त्यांच्या बोलण्यात टोचणी होती आणि ती त्याला बरी वाटली. वस्ताद खाली वर्तमानपत्र आणायला गेले होते. होयबा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला. बस असं कुणी म्हटलं असतं तरी त्याला बसवलं नसतं.

"काकू, त्या तापानंतर वस्तादांना काही झालं होतं का?"

काकू हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुला माहीत नाही? अरे, वास गेला त्यांचा. पार गेला. फुलाचा नाही की फिनेलचा नाही. आंबट-खारट जिभेला कळायचं, तेही असं-तसंच. मी म्हटलं, मालकांना सांगा. तर म्हणाले, कशाला? माझं नाक गेलं तर काय बिघडलं, त्याची जीभ आहे ना. मला वाटलं, तुला सांगून ठेवलं असेल."

"नाही सांगितलं."

"कसे सांगतील?" काकू म्हणाल्या. "म्हणायचे, तो माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघतो ना, त्या डोळ्यांतून उतरणं जिवावर येतं."

तेवढ्यात वस्ताद आले. त्यांनी होयबाला पाहिलं, वर्तमानपत्र खुर्चीवर ठेवलं आणि आपण पलंगाच्या कडेवर बसले. अंगात घरचा सदरा होता. एप्रनशिवाय ते केवढेसे दिसत होते!

"वस्ताद, मी चाखलं नव्हतं."

"माहीत आहे."

"फक्त त्याच दिवशी नाही. कितीतरी वर्षं..."

"तेही माहीत आहे. भरला चमचा मोरीत पडला की आवाज वेगळा येतो. ताप यायच्या आधीपासून ऐकत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

वस्तादांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "आधी वाटलं, असू दे. तू वा म्हणालास की मलाही गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? मग नाक गेलं. तेव्हा तुला कान धरून चाखायला लावायला हवं होतं. पण चाख म्हणून बजावायचं तर का चाख तेही सांगावं लागलं असतं. घरी हिला सांगायचो, त्याची जीभ आहे. सांगून सांगून मलाच खरं वाटायचं. तू मला इतकं वर नेऊन बसवलं होतंस आणि उतरायला शिडी ठेवली नव्हतीस."

होयबाचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आता वस्ताद म्हणतील, जाऊ दे, चूक दोघांची. ते तसं म्हणाले नाहीत.

"पण एक गोष्ट मनाला लागली," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि ऐकायला होयबाला पुढे व्हावं लागलं. "मालकांसमोर मी विचारलं तेव्हा हो म्हणालास. ते काही भक्तीपोटी नव्हतं."

"नव्हतं."

"मग काय होतं?"

"भीती होती, वस्ताद. लहानपणी असायची तीच."

"हं." वस्तादांनी वर्तमानपत्र उचललं. "तसं म्हण मग."

काकूंनी चहा आणला. वस्तादांनी आपला कप गार व्हायला बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी होयबाने मालकांना सगळं सांगितलं. वस्तादांचं नाक, आपलं न चाखणं, आपलं खोटं. मालक हिशेब-बिशेब बाजूला सारून ऐकतील, चिडतील, कदाचित काढूनही टाकतील, अशी त्याची तयारी होती. मालक म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता उकरून कशाला काढतोस? जा, गिऱ्हाईक वाढलंय." शिक्षासुद्धा त्याच्या नशिबी नव्हती. त्याने एकच केलं. जेवणाची सुटी झाली तेव्हा भटारखान्यात सगळ्यांना थांबवलं आणि तेच पुन्हा सांगितलं. थोरला वेटर खिडकीत कोपर टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने फक्त विचारलं, "जीव हलका झाला का?" होयबाने खरं ते सांगितलं. नाही झाला.

सुटीच्या दिवशी तो वस्तादांकडे जायला लागला. डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागला. वस्ताद ऐकेनात. "नाक म्हणजे काय नळ आहे, दुरुस्त करायला? वय झालं की जातं एकेक."

"तुमचं चुकतंय," होयबा म्हणाला. म्हणताना त्याचे कान तापले.

"काय म्हणालास?"

"चुकतंय तुमचं. सदरा घाला आणि चला."

स्वयंपाकघरात काकू तोंडाला पदर लावून हसल्या. वस्तादांनी कुरकुरत सदरा घातला.

दवाखान्यात बाकावर नंबरची वाट बघत बसले असताना वस्ताद एकदम म्हणाले, "ते मश्रूमचं सूप माझं नव्हतं बरं का. तुझ्या काकूचं. लग्न झालं त्या वर्षी तिने घरी केलं होतं. मी उचललं."

होयबा बघतच राहिला. त्या सूपची महती त्याने आल्यागेल्याला ऐकवली होती, ते सूप वस्तादांना कसं सुचलं याची गोष्टसुद्धा स्वतःच रचून सांगितली होती. आणि काकूंच्या हातचं तो इतक्यांदा जेवला, पण त्यांना कधी धड विचारलं नव्हतं की तुम्ही काय करता, कसं करता.

"काकूंना वाईट नाही वाटलं?"

"तिला विचार की. मी कुठे विचारलंय!" वस्ताद म्हणाले, आणि त्यांचं तोंड उतरलं. दोघं अपराधी चेहऱ्याने शेजारी शेजारी बसून राहिले. समोरच्या बाईला वाटलं, यांना काही गंभीर रोग झालाय.

डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की खात्री देता येत नाही, फार दिवस घालवलेत. रोज लवंग, लिंबू, कॉफी असं नाकाशी धरून वास आठवायचा सराव करा, थोडंफार परत येईल, कदाचित येणारही नाही. वेळेवर आला असतात तर, असं काहीतरी ते बोलले आणि होयबाने मान खाली घातली. वेळेवर हा माणूस कुणाला विचारत होता, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी कॉफी परत आली, अगदी अंधूक, दुरून कुणी हाक मारावी तशी. बाकी काही आलं नाही. वस्ताद हॉटेलात परतले नाहीत. होयबाने पुष्कळ विनवलं, पण एका शब्दात त्यांनी विषय संपवला. काकूंना सूपबद्दल त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी का होईना, कुणीतरी विचारलं." होयबाने मेन्यूत सूपचं नाव बदलून 'काकूंचं सूप' केलं, आणि मालकांनी विचारलं तेव्हा कारणही सांगितलं. त्याने कुणाचं काय भरून निघालं, ते सांगणं कठीण. भटारखान्यात लोक त्याला अजून होयबाच म्हणत, आणि त्याने कधी कुणाला अडवलं नाही.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडून परत येत होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर वस्ताद तडक डावीकडे वळले आणि बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. होयबा मागोमाग गेला. ऊन होतं. एक बस आली, भरलेली होती, गेली. दुसरीची वाट बघत दोघं उभे राहिले. वस्तादांनी रुमालाने मान पुसली, पाय बदलला. होयबाने पाटीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"वस्ताद," तो शेवटी म्हणाला, "ही बस आपल्याकडे जात नाही. आपला थांबा पलीकडे आहे."

वस्तादांनी त्याच्याकडे मान वळवली. "आल्या आल्या कळलं होतं का तुला?"

"हो."

"मग इतका वेळ गप्प का उभा होतास?"

होयबा रस्त्याच्या कडेला सरकला. गाड्या थांबल्यावर त्याने वस्तादांचा कोपर धरला आणि दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेले.